जाळी कोणी बसवायची

समन्स भूपेशच्या नावाचं होतं आणि माझ्या पोटात दुखलं. काळजीने नाही. काळजीचं दुखणं मला ठाऊक आहे, ते छातीत होतं. हे खाली, बेंबीजवळ, लहानपणी थोरल्या भावाला नवी चप्पल आली की दुखायचं तिथे. पोलीस गाळ्याच्या दारात उभा राहून कागद वाचत होता. आरोपी क्रमांक एक, कारखान्याचे भोगवटादार, म्हणजे आमचे मालक. आरोपी क्रमांक दोन, कारखान्याचे व्यवस्थापक, भूपेश. भूपेश चिंधीला हात पुसत पुढे झाला, दाखवली तिथे सही केली, वर पोलिसाला थँक्यूसुद्धा म्हणाला. समन्स देणाऱ्याला थँक्यू! आठही प्रेस थांबल्या होत्या. पोलीस कागद पिशवीत घालायला लागला तेव्हा मी विचारलं, "आणखी कोणाचं नाही?" तो म्हणाला, "का काका, तुम्हाला पाहिजे होतं का?" आणि स्वतःच हसला. मला पाहिजे होतं. हे मला त्याच क्षणी कळलं आणि कळल्याबरोबर कानशिलं तापली. बावीस वर्षं या गाळ्यात काढलेला माणूस मी, सुपरवायझर, पहिल्या प्रेसचा पाया भरताना सिमेंट कालवलं होतं. आणि गाळ्यावर खटला झाला तर त्यातही माझं नाव नाही.

वसई पूर्वेला असे गाळे शेकड्याने आहेत. आमच्यात दारांच्या बिजागऱ्या होतात. पत्र्याची पट्टी साच्यात सरकवायची, पायाने पेडल दाबायचं, वरचा ठोकळा खाली येतो, धाड, की बिजागरीची एक बाजू तयार. हात आत जाऊ नये म्हणून ठोकळ्याभोवती लोखंडी जाळी असते, चार बोल्टांवर, तेराच्या पान्याने निघते. मी हे डोळे मिटून सांगू शकतो. पण परवान्यावर व्यवस्थापक म्हणून नाव घालायचं झालं तेव्हा मालक मला म्हणाले, "शत्रुघ्न, डिप्लोमा लागतो रे. तू आहेसच की." तू आहेसच की! हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. वटार गावात आमची केळीची वाडी, चार भाऊ आम्ही, बाबांनी थोरल्यापासून ओळीने रामायणातली नावं ठेवली आणि माझ्या वाट्याला आलं ते हे. शाळेत रामायण बसवलं तेव्हा याच नावाचं काम मला दिलं. दोन तास धनुष्य धरून उभा होतो, एक वाक्य नव्हतं. वाडीची वाटणी, आईच्या आजारपणातले निर्णय, सगळीकडे मी होतोच. मग विरारहून हा भूपेश आला, तिशीतला, सुरक्षेचा डिप्लोमा केलेला, आणि दारावरच्या पाटीवर मालकांच्या नावाखाली पेंटरने त्याचं नाव रंगवलं. पेंटरला शिडी मी धरली होती.

बरं, पोरगा वाईट असता तर बरं झालं असतं. मनापासून सांगतो, तो उद्धट असता, कामचुकार असता, तर मी सुखाने त्याचा राग केला असता. पण हा मला काका म्हणायचा, डबा उघडला की आधी माझ्यापुढे करायचा, मशीनचा आवाज बदलला की "काका, जरा ऐका ना, बेअरिंग आहे का?" म्हणून बोलवायचा, आणि मी सांगितलेलं मालकांना सांगताना "काकांनी ओळखलं" असंच सांगायचा. माझी बायको लतिका त्याला एकदाच भेटली, सत्यनारायणाला, तर आठवडाभर तेच. "कसा साधा पोरगा हाय. पानी दिलं तं भांडं सोता उचलून मोरीत ठेवलं." मी म्हटलं, मग दत्तक घे. ती हसली. मी हसलो नाही. कोणाबद्दल जळावं याला काही रीत असते. मी जळत होतो आणि जळायला सबळ कारण म्हणून एकसुद्धा सापडत नव्हतं, याचाच संताप जास्त.

खंडेनवमीचा मान तेवढा माझा होता. आमच्या गाळ्याची एक रीत आहे, मीच पाडलेली. नवमीला मशिनी धुवायच्या आणि एक नंबरच्या प्रेसची जाळी काढायची, कारण जाळीवरून ठोकळ्याला हार बांधता येत नाही, कुंकू लावता येत नाही. पूजा, नारळ, पेढे, मग सुट्टी. हार दसऱ्याच्या दिवशी मशीनवरच राहतो. एकादशीला सकाळी काम सुरू व्हायच्या आधी, ज्याने नारळ फोडला त्यानेच स्वतःच्या हाताने हार उतरवायचा आणि जाळी बसवायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. कुठल्या पुस्तकात नाही हे, तपासणीच्या कागदावर नाही. एकोणीस वर्षं नारळ मी फोडला आणि जाळी मी बसवली, त्यामुळे कोणाला सांगायची वेळच आली नाही. त्या वर्षी मी नेहमीसारखा लवकर आलो, जाळी काढली, भिंतीला लावून ठेवली, बोल्ट तेलाच्या डब्यात टाकले. आंघोळ करून धूतवस्त्र नेसून आलो होतो. मालक आले, प्रेसवर काम करणाऱ्या पोरी जमल्या, मी नारळ हातात घेतला आणि मालक म्हणाले, "यंदा भूपेशच्या हातून होऊ दे. व्यवस्थापक आहे आता." भूपेश मागे सरला. "नको नको, काकांनाच..." मालक म्हणाले, "काका आहेतच की." मी नारळ त्याच्या हातात दिला. हसत दिला. त्याने फोडला तर नीट फुटलासुद्धा नाही, तीन घाव लागले, आणि मला त्या तीन घावांचा इतका आनंद झाला की घरी जाताना तो आनंद मी पेढ्यासारखा चघळत होतो.

एकादशीची सकाळ. ती सकाळ मी इतक्या वेळा आठवलीय की आता ती खरी किती आणि माझी किती हे मलाच सांगता येत नाही. जाळी भिंतीला तशीच. हार वाळून ठोकळ्यावर तसाच, झेंडूच्या पाकळ्या साच्याच्या कडेला पडलेल्या. मी आत शिरलो तेव्हा पहिली नजर तिकडेच गेली, एकोणीस वर्षांची सवय. तेराचा पाना माझ्या खिशात होता. हातही खिशाकडे गेला. आणि मग मनात एक वाक्य आलं, अगदी शांत, दुसऱ्याच कोणीतरी बोलल्यासारखं. ज्याने नारळ फोडला त्याने बसवावी. भूपेश वर ऑफिसात फोनवर होता, मालकांचाच फोन. त्याच्या हातात रोजच्या तपासणीचं पत्रक होतं, दर प्रेसला एक रकाना, आणि काचेतून मला दिसलं, बोलता बोलता त्याने आठही रकान्यांत खुणा केल्या आणि खाली सही ठोकली. खाली उतरून बघितलं नाही. बघितलंत ना, मी मनात म्हटलं, हा तुमचा डिप्लोमा. मी कोणाला म्हटलं कोण जाणे. हेमांगी एक नंबरवर होती. नालासोपाऱ्याहून यायची, दोन वर्षं झाली होती, हात चांगला चालायचा तिचा. तिने हार उतरवून बाजूला ठेवला, मशीन पुसलं, स्टुलावर बसली, मान वर केली. आणि मी चहाला गेलो. टपरीवर कप हातात घेतला आणि गाळ्यातून प्रेसचा आवाज आला, धाड, आणि त्याच्यामागे आवाजच नाही. सगळ्या मशिनी एकदम बंद. बावीस वर्षं त्या आवाजात राहिलेल्या माणसाला शांतता म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तिची उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीला कारखाना निरीक्षक आल्या, संपदा मॅडम, साधा ड्रेस, पाठीला सॅक, प्रत्येक गोष्टीचं माप घेणाऱ्या. जाळीचं माप घेतलं, साच्यापासून स्टुलाचं अंतर घेतलं. मग एकेकाला बोलावून जबाब. मला बसायला सांगितलं आणि आधीच म्हणाल्या, "हे बघा, जे उत्तर दिल्याने तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकाल, ते देण्याची तुमच्यावर सक्ती नाही. कायद्यातच आहे तसं." हे त्या सगळ्यांनाच सांगत असतील. सांगतच असणार. पण मला वाटलं, माझ्याकडे बघून सांगितलं. "जाळी कोणी काढली होती?" "पूजेसाठी काढली होती." "कोणी?" "सगळ्यांनी मिळूनच करतो आम्ही." "परत बसवायचं काम कोणाचं?" मी म्हटलं, "पत्रकावर व्यवस्थापकांची सही आहे." खोटं एक अक्षर नाही. बाहेर आलो आणि स्वतःवर खूश होतो, हे लिहायची लाज वाटते पण होतो. जिन्याखाली भूपेश उभा होता. डोळे सुजलेले. म्हणाला, "काका, मी उतरून बघायला हवं होतं हो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पान्याकडे गेलेल्या त्याच हाताने.

समन्सनंतर मालकांनी वकील आणला. ऑफिसात बैठक झाली, मला चहा आणायला नाही, बसायला बोलावलं होतं. वकिलाने सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाला, या कायद्यात माणसाच्या मनात काय होतं हे कोणी विचारत नाही. चोरी-मारामारीच्या खटल्यात हेतू बघतात, इथे नाही. जाळी होती की नव्हती? नव्हती. संपलं. भोगवटादार आणि व्यवस्थापक जबाबदार. मग चष्मा पुसत म्हणाला, सुटकेची एकच वाट आहे. आरोपीला दाखवून देता आलं की मी माझ्याकडून सगळी काळजी घेतली होती आणि खरा गुन्हा माझ्या नकळत दुसऱ्याने केला, तर त्या दुसऱ्याला कोर्टापुढे उभं करता येतं. तो दोषी ठरला की हा सुटतो. "असा कोणी आहे का?" त्याने विचारलं. पंखा फिरत होता. भूपेशने माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं! पोरींनी सांगितलं असणार की जाळी सकाळी काकांनी काढली, दर वर्षी काकाच बसवतात. आणि भूपेश म्हणाला, "नाही सर. आणि मी काळजी घेतली होती असं मी शपथेवर कसं म्हणू? न बघता सही केली मी." वकील वैतागला. मालक वैतागले. मी वाचलो होतो, आणि जिना उतरताना माझ्या तोंडात कडू आलं होतं. पाटी त्याची, नारळ त्याचा, आता चांगुलपणाही त्याचाच. मला काय ठेवलं याने? मी केलेला गुन्हासुद्धा याने स्वतःच्या नावावर करून घेतला.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. जेवताना तेच, वाडीत केळीला पाणी सोडताना तेच. वकील म्हणाला होता, मनात काय होतं ते विचारत नाहीत. म्हणजे माझ्याजवळ जे होतं ते तेवढंच, आणि ते ऐकायला कायद्यात खुर्चीच नाही. भूपेश दर रविवारी हेमांगीकडे जातो असं कळलं. तिला डाव्या हाताने लिहायला शिकवतो, कुठल्याशा परीक्षेचा फॉर्म भरून दिलाय, ती त्याला दादा म्हणते. हे मला लतिकेने सांगितलं, तिला कोणी सांगितलं देव जाणे. "आनि तुमी येकदा तरी गेलात का?" तिने विचारलं. मी म्हटलं, मला वेळ नाही. तिने ताट वाढताना आवाज जास्त केला. मी गेलो नव्हतो कारण दार उघडल्यावर हेमांगी मला काका म्हणेल, बसा म्हणेल, त्याची मला भीती वाटायची. आणि भूपेश जाऊ शकत होता याची जळजळ. आरोपी असून तो त्या घरात ताठ बसायचा. मी कोणीच नव्हतो आणि माझे पाय तिकडे वळत नव्हते.

मग माझ्याही नावाचा कागद आला. साक्षीदार क्रमांक चार. तोही सरकार पक्षाचा, म्हणजे भूपेशच्या विरुद्ध. वसईच्या कोर्टात गेलो तेव्हा हेमांगीची साक्ष होऊन गेली होती, ती बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली होती, उजवा हात ओढणीखाली. मी दुसऱ्या बाजूने वळसा घालून आत गेलो. आत भूपेश मागे उभा, हात पुढे बांधून. वकिलाने आधीच सांगितलं होतं, आरोपीला तोंड उघडायची सक्ती नाही. त्याने गप्प बसायचं, सिद्ध करायचं ते सरकारने. साक्षीदाराला मात्र बोलावं लागतं. बघा म्हणजे, गप्प बसायचा हक्कही त्यालाच. सरकारी वकिलांनी नाव, गाव, किती वर्षं नोकरी विचारलं, जाळी नव्हती का? नव्हती. पत्रकावर सही कोणाची? व्यवस्थापकांची. झालं. मग आमचा वकील उठला. भूपेशने त्याला काही सांगितलं नसणार, पण मालकांनी मागाहून पोरींना विचारून सांगितलं होतं, कारण तो सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "त्या दिवशी सकाळी काम सुरू होण्याआधी, एक नंबरच्या मशीनला जाळी नाही हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?"

न्यायाधीश बाईंनी हात वर केला. पन्नाशीच्या, आवाज मऊ. मला म्हणाल्या, "थांबा. या उत्तराने तुम्ही स्वतः अडचणीत येऊ शकता. तुमची हरकत असेल तर आत्ता सांगा. हरकत घेऊनही मी उत्तर द्यायला लावलं, तर ते उत्तर तुमच्याविरुद्ध वापरता येणार नाही. पण आपखुशीने दिलंत, तर ते संरक्षण मिळेलच असं नाही. समजलं?" समजलं. इतकं नीट मला आयुष्यात कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं. तीन शब्द पुरे होते, हरकत आहे माझी, आणि मी खरंही बोललो असतो आणि सुरक्षितही राहिलो असतो. मी मागे बघितलं. भूपेश मान हलवत होता, अगदी बारीक, नको काका, नको. त्याच्या चेहऱ्यावर दया होती. त्या दयेने माझं डोकं फिरलं. "हरकत नाही, बाई," मी म्हटलं. "माहीत होतं. जाळी मीच काढली होती. बसवायचा पाना माझ्या खिशात होता. नारळ त्याने फोडला म्हणून मी बसवली नाही. मी जळत होतो त्याच्यावर." टंकलेखक थांबला. बाई त्याला म्हणाल्या, "शेवटचं वाक्य घेऊ नका, संबंध नाही." संबंध नाही! मी कठड्याला धरून उभा होतो. वकिलाचा चेहरा उजळला होता, तो लगेच म्हणाला की आरोपीतर्फे अर्ज देणार, खरा गुन्हेगार म्हणून यांनाच बोलावण्यासाठी. आता तरी भूपेशच्या तोंडावरची ती दया पुसली जाईल असं मला वाटलं. मी बघितलं. तो रडत होता. माझ्यासाठी रडत होता, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

बाहेर आलो. आता वळसा घ्यायला कारण उरलं नव्हतं. हेमांगीसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "आत सांगितलं मी. मला माहीत होतं जाळी नाही ते." ती म्हणाली, "मला ठाऊक होतं काका." मला वाटलं, पोरींकडून कळलं असेल. ती म्हणाली, "तसं नाही. तुम्ही आत आलात, आधी जाळीकडे बघितलंत. मग मशीनकडे. मग मी वर बघितलं तर तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि चहाला गेलात." मी म्हटलं, "मग तू हे सांगितलं का नाहीस कोणाला?" "मला विचारलं जाळी होती का, मी म्हटलं नव्हती. एवढंच विचारलं." मग रागाने नाही, मला काहीतरी साधं समजावून सांगावं तसं ती म्हणाली, "मी स्टुलावर बसले तेव्हा घाबरलेच होते. जाळी नाही म्हणून. तुमची वाट बघत होते. तुम्ही बघून गेलात, काही बोलला नाहीत. म्हटलं, काका बघून गेले म्हणजे ठीक असेल. म्हणून पाय ठेवला पेडलवर."

व्हरांड्यात कोणाच्या तरी नावाचा पुकारा चालला होता. मी म्हटलं, "भूपेशची सही होती पत्रकावर." ती म्हणाली, "सही कोण बघतं काका? आम्ही सगळ्या तुमच्याकडेच बघायचो."

तेवढ्यात शिपाई आला, साक्षीवर सही राहिली होती. आत गेलो. टंकलेखकाने कागद पुढे केला, म्हणाला, "वाचून घ्या, बरोबर आहे ना बघा." मी वाचलं. जाळी मी काढली होती. ती बसवलेली नाही हे मला माहीत होतं. मी ती बसवली नाही. सगळं बरोबर होतं. तिने आत्ता सांगितलं तेवढं त्यात नव्हतं. "काही घालायचंय का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाही." त्याने पेन दिलं आणि बोटाने जागा दाखवली. मी दाखवली तिथे सही केली.